हौशी रेडिओ-श्रवण : एका स्थानिक विद्येचा परिचय

रेडिओ म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या मनात आकाशवाणीचे केंद्र उभे राहते. परंतु प्रसारणासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांच्या बाहेर जो विस्तीर्ण वर्णपट आहे, त्यात माणसे एकमेकांशी थेट बोलत असतात, आणि ते बोलणे शोधणे, ओळखणे व त्याची नोंद ठेवणे हा शंभर वर्षांहून अधिक काळ जोपासला गेलेला छंद आहे. परवाना हाती येईपर्यंतची उमेदवारी एवढेच त्याचे स्वरूप आहे, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. श्रवण ही स्वतंत्र विद्या असून तिचा खरा विषय श्रोत्याचे स्वतःचे ठिकाण हा आहे : आपल्या गच्चीवर, दिवसाच्या या प्रहरी आणि या ऋतूत कोणत्या दिशेकडून काय पोहोचते आणि का पोहोचते, हे ती शिकवते.

या छंदाच्या तीन शाखा मानल्या जातात. पहिली स्कॅनरची. स्कॅनर हा असा रिसीव्हर असतो, की तो स्मृतीत साठवलेल्या वारंवारता एकामागून एक तपासत जातो आणि जेथे संदेश चालू असेल तेथे थांबतो. अमेरिकेत पोलीस, अग्निशमन दल आणि रेल्वे यांचे संदेश ऐकण्यासाठी तो १९७० च्या दशकापासून घरोघरी पोहोचला, मात्र तेथील अनेक पोलीस दलांनी आता सांकेतिक प्रक्षेपण स्वीकारल्याने त्याचे क्षेत्र आकसत आहे. दुसरी शाखा सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी, या २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याची. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, तेव्हा इंधन कोठे मिळते आणि पोलिसांची चौकी कोठे आहे हे परस्परांना सांगण्यासाठी ट्रकचालकांनी तिचा सर्रास वापर केला. भारतातही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटच्या मर्यादेत परवानामुक्त आहे, पण येथे त्याचा प्रसार फारसा झाला नाही. तिसरी, आणि भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध, शाखा हौशी रेडिओची, म्हणजे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याची.

भारतातील हौशी रेडिओचा आरंभ १९२१ साली अमरेंद्र चंद्र गुप्तू यांच्यापासून मानला जातो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने सर्व हौशी परवाने रद्द केले. तरीही ही विद्या नाहीशी झाली नाही, कारण १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे चालवलेल्या काँग्रेस रेडिओची तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी प्रक्षेपकाने उभी केली होती. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, महू येथे अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला; त्याचीच पुढे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. आज भारतीय हौशी केंद्रांची हाकखूण, म्हणजे केंद्राला मिळालेली अक्षरांकांची ओळख, सामान्यतः ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ अशी सुरू होते.

श्रवणाचे कसब सात मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या, पट्ट्यावर सर्वांत स्पष्टपणे दिसते. येथील संभाषण बहुधा सिंगल साइडबँड पद्धतीने चालते : शक्ती वाचवण्यासाठी प्रक्षेपक वाहक लहर आणि आवाजाची एक बाजू गाळतो, आणि गाळलेली वाहक लहर रिसीव्हरने स्वतः पुरवावी लागते. ती शंभर-दोनशे हर्ट्झने जरी चुकली, तरी बोलणे एकतर चिरके ऐकू येते किंवा घोगरे. श्रोता बटण केसभर फिरवत राहतो; प्रथम बोलण्याची लय कळते, मग स्वर सुटे होतात, आणि अखेरीस ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ अशी अक्षरे उलगडत हाकखूण हाती येते. त्यानंतर नोंदवहीत वेळ (जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून), वारंवारता, हाकखूण आणि दोन अंक लिहिले जातात : सुबोधता १ ते ५ आणि तीव्रता १ ते ९. हा वृत्तांत त्या केंद्राला पाठवल्यास उत्तरादाखल क्यूएसएल कार्ड, म्हणजे पोचपावतीचे चित्रकार्ड, येण्याचा प्रघात आहे. प्रक्षेपकालाही आपला आवाज कोठवर आणि कसा पोहोचला याचा पुरावा त्यातून मिळतो.

नोंदवही वाढू लागते, तसतसा तिच्यातून निसर्गाचा क्रम प्रकट होतो. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर सात मेगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे महाराष्ट्रातील श्रोत्याला प्रामुख्याने काही शे किलोमीटरच्या परिघातील केंद्रे ऐकू येतात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, वरच्या थरावरून परावर्तित झालेल्या लहरी हजारो किलोमीटर प्रवास करतात आणि दूरचे देश त्याच बटणावर येऊन बसतात. मे महिन्यात वळवाच्या ढगांतील विजा शेकडो किलोमीटरवरून कडकडाट ऐकवू लागतात. या पट्ट्यासाठी अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे २० मीटर लांब लागते आणि ती शहरातील गच्चीवर ताणणे सोपे नसते. त्याहून मोठा अडथळा एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाचा असतो. जाणकार श्रोता अशा वेळी घराचा मेन स्विच बंद करतो, रिसीव्हर बॅटरीवर चालवतो आणि गोंगाट घरातला की बाहेरचा हे आधी ठरवतो.

पश्चिम किनाऱ्याला आणखी एक देणगी आहे. पावसाळ्यापूर्वीच्या उष्ण दिवसांत अरबी समुद्रावरील दमट हवेवर कोरड्या, उबदार हवेचा थर येऊन बसला, की त्या दोहोंच्या सीमेवर लहरींसाठी एक प्रकारची नळी तयार होते, आणि एरवी क्षितिजापर्यंतच पोहोचणाऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी समुद्रपार जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानातील भूभागाचे प्रतिध्वनी उमटले, त्याचे कारण हेच होते.

डोक्यावरचे आकाशही या विद्येत येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करते आणि अर्धा मीटर लांबीच्या साध्या अँटेनावरही ते ऐकू येते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते जेमतेम दहा मिनिटांत माथ्यावरून जाते. जवळ येताना त्याची वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने वाढलेली आणि दूर जाताना तितकीच घटलेली आढळते. पाठ्यपुस्तकात आकृतीने शिकवला जाणारा डॉप्लर परिणाम येथे विद्यार्थ्याला स्वतः मोजता येतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅट हा उपग्रह खास हौशी केंद्रांसाठी होता, आणि २०१४ पर्यंत त्याने जगभरच्या हौशांना सेवा दिली. दूरचित्रवाणीसाठी बनवलेली स्वस्त यूएसबी काडी संगणकाला जोडून व्यापक पट्ट्याचा रिसीव्हर म्हणून वापरता येते, हे २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाल्यापासून असे प्रयोग पुष्कळच सुलभ झाले आहेत. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर तर आंतरजालावरून कोणालाही चालवता येतो. मात्र तो तेथील आकाश ऐकवतो, श्रोत्याच्या गावचे नव्हे.

या छंदाला कायद्याची आणि सभ्यतेची चौकट आहे. भारतात १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यावर परवान्याचे बंधन घातले आणि आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने नवी व्यवस्था आणली. म्हणून उपकरण घेण्यापूर्वी चालू नियम पाहणे आवश्यक आहे, आणि अमेरिकेतील स्कॅनरची प्रथा येथे जशीच्या तशी उचलणे योग्य नाही. सुरक्षा दलांचे वा खाजगी संदेश हा श्रोत्याचा विषय नव्हे. हौशी केंद्रांची गोष्ट वेगळी आहे : अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा न वापरण्याचे आणि व्यापारी हेतू न ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर असल्यामुळे ते संभाषण स्वभावतःच सर्वांसाठी खुले असते.

अशा श्रवणाचे सामाजिक मोल संकटात कळते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात होता. परदेशी केंद्रांशी संपर्क साधण्याचा मूळ कार्यक्रम थांबवून त्याने बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीकडे पोहोचवली. अशा वेळी गोंगाटातून क्षीण आवाज वेचून नाव आणि गाव बिनचूक टिपणारा कान लागतो, आणि तो संकटाच्या दिवशी तयार होत नाही. बारा वर्षांवरील कोणालाही हौशी केंद्राची परीक्षा देता येते, आणि तिच्या मर्यादित श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीचीही अट नाही. म्हणूनच शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी प्रक्षेपकाची वाट न पाहता एक तार, एक रिसीव्हर आणि एक नोंदवही घेऊन आरंभ करावा : वर्षभराच्या नोंदींतून त्या गावच्या आकाशाचा स्वतःचा अभ्यास उभा राहील, आणि गरज पडेल तेव्हा उपयोगी पडणारी माणसेही त्यातूनच घडतील.