इंजिनासाठी ते ५६ अंश खरेच होते

गुरुवारी, ३० मे २०२४ रोजी, नागपूरच्या रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर तोच आकडा मोबाइलवर फिरला. सोनेगावच्या केंद्राने ५४ दाखवले. इतर दोन केंद्रांवर मात्र पारा ४४च्या आसपास होता. संवेदक बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला, आणि २३ मे २०१३ चा ४७.९ अंशांचा नागपूरचा उच्चांक कायम राहिला.

खुलासा योग्यच आहे. पण गाडीच्या इंजिनापुरते बोलायचे, तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, ५६ अंश या शहरात रोज खरे ठरतात.

हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, खेळत्या हवेत. व्हेरायटी चौकात लाल दिव्यापाशी थांबलेल्या गाडीला यातले काहीच मिळत नाही. खाली तापलेले डांबर, पुढच्या गाडीचा धूर, आणि रेडिएटरच्या पंख्याने मागे लोटलेली गरम हवा बॉनेटखाली कोंडलेली. इंजिनात शिरणारी हवा अशा वेळी बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त तापते.

हवा तापली की विरळ होते. डिसेंबरात पहाटे १० अंशांना नागपूरची हवा जितकी दाट असते, तिच्यापेक्षा ४५ अंशांना ती सुमारे ११ टक्के विरळ असते. ५६ला ही घट १४ टक्क्यांवर जाते. म्हणजे ३१० मीटर उंचीच्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी इंजिनाला जी हवा मिळते, ती साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात हिवाळी पहाटे असते जवळपास तेवढीच विरळ. हवा कमी म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलही कमी सोडतो, आणि ताकद घटते. सदरच्या उड्डाणपुलावर चढताना एसी लावलेली छोटी गाडी ‘पिकअप घेत नाही’, त्याचे मोठे कारण हेच.

पेट्रोल गाडीला आणखी एक त्रास होतो. आत येणारी हवाच तापलेली असली, की इंधनाचे मिश्रण ठरल्या क्षणाआधी आपोआप भडकू शकते. हे नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, आणि उरलेल्या ताकदीतूनही थोडी जाते. टर्बोवाल्यांनी निर्धास्त राहू नये. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर अंशांच्या वर तापते. तिला निववणारा इंटरकूलर बाहेरच्याच हवेवर चालतो, त्यामुळे बाहेर ४५ असताना आतली हवा त्याखाली येणे शक्यच नाही.

अ‍ॅव्हरेजचे मात्र उगीच खापर उन्हावर फुटते. विरळ हवेत थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, त्यामुळे हवा ओढण्याचे इंजिनाचे श्रम कमी होतात. धावत्या गाडीला हवेचा अडथळाही कमी लागतो. उन्हाळ्यात पेट्रोल जास्त लागते ते मुख्यतः एसीमुळे आणि चालू इंजिनावर सावलीत ताटकळण्यामुळे.

मला खरा राग आहे तो एअर फिल्टरशी होणाऱ्या खेळाचा. कंपनीने हवा ओढणारा पाइप मुद्दाम पुढच्या जाळीपाशी आणलेला असतो, बाहेरची त्यातल्या त्यात थंड हवा मिळावी म्हणून. सर्व्हिसिंगमध्ये तो निघतो आणि पुष्कळदा नीट बसवला जात नाही. हौशी तरुण तर पैसे मोजून तो काढतात आणि उघडा, शंकूसारखा फिल्टर लावतात. आवाज भारी येतो, पण इंजिन बॉनेटखालची भट्टीतली हवा ओढू लागते. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत पाहिलेले नागपुरात करताना एवढे तरी तपासावे. गॅरेजमधल्या स्कॅनरवर ‘इनटेक एअर टेम्परेचर’ हा आकडा दिसतो. दुपारी गाडी चालू ठेवून दहा मिनिटे उभी करा, मग वर्धा रोडला थोडी पळवून पुन्हा पाहा. पाइप जागेवर असेल, तर धावू लागताच हा आकडा बाहेरच्या तापमानाकडे भराभर उतरतो. उतरला नाही, तर बॉनेट उघडून आधी तो पाइप पाहावा, इंजिनाचे काम मागाहून काढावे.