वजिराला न दिसणारे घर

मृगाचा पाऊस सुरू झाला की लांज्यासारख्या कोकणातल्या गावी खेळाची मैदाने चिखलाने भरून जातात. अशा दिवसांत पडवीत बसून खेळता येईल असा उत्तम खेळ म्हणजे बुद्धिबळ. विद्यार्थी मित्रांनो, या खेळाचे नियम तासाभरात शिकता येतात. पण नियम पाठ होणे वेगळे आणि नियम समजणे वेगळे. तो फरक कसा असतो, ते आज पाहू.

पट आणि मोहरी

पटावर आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ घरे असतात. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातील घर पांढरे असले पाहिजे. पहिल्या ओळीत दोन्ही टोकांना हत्ती, त्यांच्या आत घोडे, मग उंट आणि मध्ये वजीर व राजा. वजीर नेहमी स्वतःच्या रंगाच्या घरात बसतो. दुसऱ्या ओळीत आठ प्यादी.

हत्ती सरळ चालतो, उंट तिरपा. वजीर दोन्ही प्रकारे चालतो, म्हणून तो सर्वांत बलवान. पूर्वी हा वजीर फक्त एक घर तिरपा सरकत असे. आजचे बळ त्याला युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. घोडा अडीच घरे जातो आणि मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारणारा तोच एकटा. राजा कोणत्याही दिशेने एकच घर जातो.

प्यादे सरळ पुढे जाते, पण मारते मात्र तिरपे. पहिल्या खेळीत ते दोन घरे जाऊ शकते. जुन्या देशी पद्धतीत प्यादे एकच घर सरकत असे. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की त्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो.

शह, मात आणि कोंडी

राजावर हल्ला झाला की त्याला 'शह' म्हणतात. शह मिळाल्यावर राजाने दुसऱ्या घरात जावे, मध्ये मोहरे घालावे किंवा हल्ला करणारे मोहरे मारावे. यांपैकी काहीच शक्य नसेल तर 'मात', आणि डाव संपला.

आता नवशिक्यांना चकवणारा प्रसंग पाहा. राजाला शह नाही. पण ज्याची खेळी आहे, त्याला नियमाप्रमाणे एकही खेळी करता येत नाही. याला 'स्टेलमेट' म्हणतात. ही मात नव्हे, बरोबरी! स्पर्धेत विजयाचा एक गुण असतो, बरोबरीचा अर्धा. म्हणजे जवळजवळ जिंकलेला डाव अर्ध्या गुणावर येतो.

हे घडते कसे? पटाच्या कोपऱ्यात एकटा काळा राजा ठेवा. कोपऱ्यातून त्याला तीनच घरे मोकळी असतात. आता पांढरा वजीर त्याच्यापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर ठेवा आणि पांढरा राजा दूर कुठेतरी ठेवा. वजिराचा मारा तिन्ही घरांवर बसतो, पण राजाच्या घरावर बसत नाही! कारण वजिराजवळ हत्तीची चाल आहे, उंटाची आहे. घोड्याची तेवढी नाही. काळ्याची खेळी असेल तर बरोबरी झालीच.

मग मात कशी करावी? आपला राजा वजिराच्या मदतीला आणावा. वजीर कोपऱ्याला तिरप्या लागून असलेल्या घरात, आणि त्याच्या पाठीशी लागून आपला राजा. आता शह आहे, पळायला घर नाही आणि वजिराला मारताही येत नाही. ही मात.

अर्ध्या गुणाचे मोल

बुद्धिबळात महाराष्ट्राच्या मुलींनी मोठे नाव मिळवले आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. १९८१ साली त्यांची बहीण रोहिणी आशियाई विजेती झाली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. कोनेरू हंपीविरुद्धच्या अंतिम लढतीत पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले. तेथे दिव्याला दीड गुण, हंपीला अर्धा. चार डावांपैकी एकाच डावाने विश्वचषकाचा निकाल ठरला!

करून पाहा

१. डावाच्या आरंभी पांढऱ्याला किती वेगवेगळ्या खेळ्या करता येतात? आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन, मिळून २०. काळ्याच्याही २०. म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच ४०० निरनिराळ्या जोड्या! क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० साली शक्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी अंदाजली होती.

२. कोपऱ्यातील राजाला कोंडणारी वजिराची दोन घरे आहेत. पटावर ती शोधून काढा.

३. वजिराऐवजी हत्ती घेऊन तशी कोंडी होते का? मदतीला राजा घेऊन पाहा, आणि उत्तर कारणासह वहीत लिहा.