मोबाईलवरील इशारा : खरा कोणता, खोटा कोणता?

केवळ ऐकीव आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले होते. मोबाईलवर 'आपल्या फोनमध्ये ४ व्हायरस आहेत, त्वरित साफ करा' अशी लाल चौकट उगवते तेव्हा हीच कसोटी लावावी.

मुळात कोणत्याही संकेतस्थळाला आपल्या फोनमधील व्हायरस तपासता येत नाहीत. बातम्या वाचताना येणारी अशी चौकट ही निव्वळ फसवी जाहिरात होय. उलटी गणती, कंपनीचे चिन्ह, फोनचे थरथरणे हे सारे घाबरवण्यासाठी. तिच्यातील 'रद्द करा' हे बटणही दाबू नये, ब्राउझरचे पानच बंद करावे. पानाबरोबर व्हायरसही नाहीसा होतो, यातच सारे आले! अँड्रॉइड फोनची खरी तपासणी प्ले स्टोअरमधील 'प्ले प्रोटेक्ट'मध्ये स्वतः जाऊन पाहावी.

गंमत अशी की, आपण खोट्या इशाऱ्याला घाबरतो आणि खऱ्याकडे दुर्लक्ष करतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून 'एपीके' फाईल येते. ती उघडताना, अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू द्यावे काय, असे फोन स्वतः विचारतो. हा इशारा खरा! तेथे 'होय' म्हटले आणि पुढे एसएमएस वाचण्याची मुभा दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो. मग आजोबांचे निवृत्तिवेतन काय नि नातवाची शिष्यवृत्ती काय!

पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवता येते.