पाच मीटरपलीकडची येलेना

पोल व्हॉल्ट म्हणजे बांबूच्या आधाराने मारलेली उंच उडी, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात धावण्याचा वेग वाकलेल्या पोलमध्ये साठतो आणि पोल सरळ होताना खेळाडूला वर फेकतो. नेमक्या त्या क्षणी डोके खाली व पाय वर करणे ज्याला साधते, तोच आडवी दांडी ओलांडतो. रशियाच्या येलेना इसिनबायेवाला हे कसब जिम्नॅस्टिक्सने दिले.

व्होल्गोग्राद येथे ३ जून १९८२ रोजी जन्मलेली येलेना पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स शिकत होती. पंधराव्या वर्षी वाढलेली उंची त्या खेळाच्या आड आली. प्रशिक्षक येवगेनी त्रोफिमोव्ह यांनी तिला पोल व्हॉल्टकडे वळवले. १९९८ मध्येच तिने मॉस्कोतील जागतिक युवा क्रीडा स्पर्धेत चार मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकले.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तिने ४.९१ मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. २२ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये पाच मीटर ओलांडणारी ती जगातील पहिली महिला ठरली. सर्गेई बुबकाप्रमाणेच तीही विक्रम सेंटिमीटरने वाढवत नेई. २००८ मध्ये रोम येथे ५.०३, मोनॅको येथे ५.०४ आणि बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५.०५ मीटर, ही तिची चढती कमान अवघ्या सहा आठवड्यांतील होती. २००९ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत तिला एकही उंची पार करता आली नाही. मात्र अकराच दिवसांनी झुरिचमध्ये तिने ५.०६ मीटरचा विश्वविक्रम केला. तो आजही अबाधित आहे.

२०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकचे कांस्य आणि २०१३ मध्ये मायदेशी, मॉस्कोत, जागतिक विजेतेपद तिने पटकावले. मातृत्वानंतर पुनरागमन करून जून २०१६ मध्ये तिने ४.९० मीटर उडी मारली. परंतु उत्तेजकांच्या प्रकरणात रशियाच्या अॅथलेटिक्स महासंघावर नोव्हेंबर २०१५ पासून बंदी होती. येलेना स्वतः कधीही उत्तेजक चाचणीत दोषी आढळली नव्हती. तरीही क्रीडा लवादाने जुलै २०१६ मध्ये रशियन खेळाडूंची दाद फेटाळली. देशाची चाचणी यंत्रणाच विश्वासार्ह उरली नसेल, तर एकट्या खेळाडूचे निर्दोषत्व ग्राह्य कसे धरायचे, हा या वादाचा गाभा होता.

रिओत ग्रीसच्या कातेरिना स्तेफानिदीने ४.८५ मीटर उडीवर सुवर्णपदक जिंकले. त्याच रिओत, ऑगस्ट २०१६ मध्ये, येलेनाने निवृत्ती जाहीर केली.