शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ : घरी करायची चार हत्यारे

ट्रॅक्टर आणि ट्रॉली आता गावोगाव दिसतात. नांगरट असो, शेणखत वाहायचे असो, की माल बाजाराला न्यायचा असो, ट्रॅक्टरवाचून अनेकांचे पान हलत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड करणारी मंडळी ट्रॉलीत बसूनच कारखान्यांकडे निघतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पोरंबाळं, सगळं त्या ट्रॉलीत असतं. ट्रॉली म्हणजे त्यांचे चालते घरच.

हे चालते घर वाटेत बंद पडले तर? गाव लांब आणि मिस्त्री त्याहून लांब. मोठी मोडतोड असेल, तर ती मिस्त्रीनेच पाहावी. पण पुष्कळदा काम असते लहान, जागा असते अडचणीची. नट खाली पडतो आणि हात पोचत नाही. फिल्टर फिरत नाही. अशा वेळी माणूस जोर लावतो, बोटे सोलतात आणि नटही बिघडतो.

जोर लावण्याआधी युक्ती करावी. आम्ही येथे चार साधी हत्यारे सांगतो. ती घरच्या मोडक्यातोडक्या वस्तूंतून होतात.

१. तारेचा आकडा

सायकलचा जुना स्पोक घ्या. पकडीने त्याचे एक टोक वाकवून बारीक आकडा करा. दुसरे टोक गोल वळवा, म्हणजे हातात धरायला मूठ होते. टोक कानशीने घासून गुळगुळीत करा.

याने काय होते? अडचणीतली स्प्रिंग ओढता येते. खाचेत अडकलेली चिंधी किंवा काडीकचरा काढता येतो. जिथे बोट जात नाही, तिथे आकडा जातो.

२. चुंबकाची सळई

बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असते. ते काढून ठेवा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब लोखंडी सळई घ्या. सळईच्या वरच्या टोकाला चुंबक चिकटवा. आता खालचे टोक नटाजवळ न्या. नट टोकाला येऊन चिकटेल.

असे का होते? लोखंडाला चुंबक लागले की ते लोखंडही तेवढ्यापुरते चुंबक बनते. मात्र सळई जितकी लांब, तितकी ओढ कमी. म्हणून वीतभरच घ्यावी. पितळ आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

नट पुन्हा बसवतानाही एक युक्ती आहे. पान्याच्या तोंडात थोडे ग्रीस लावा आणि त्यात नट बसवा. ग्रीस नटाला धरून ठेवते. मग पाना उलटा धरला तरी नट सहसा पडत नाही.

३. फिल्टरचा पट्टा

ऑईलचा फिल्टर डब्यासारखा गोल आणि गुळगुळीत असतो. तेलकट हाताने तो फिरत नाही. जुन्या दप्तराचा मजबूत पट्टा घ्या. दोन्ही टोके बांधून त्याचे कडे करा. कडे फिल्टरभोवती घाला. जो फास बाहेर उरेल, त्यात हातभर लाकडी दांडा घाला आणि पीळ द्या. पट्टा फिल्टरला घट्ट आवळला, की दांडा धरून फिल्टर फिरवा. पट्टा घसरत असेल, तर आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावा.

फिल्टर सैल कसा करायचा? त्याच्या मोकळ्या टोकाकडून पाहावे आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवावे. इंजिन मात्र आधी थंड होऊ द्या. गरम तेलाने हात भाजतो. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कड्याला थोडे तेल लावा आणि तो हातानेच आवळा. तिथे पट्टा वापरू नका.

काढलेले तेल डब्यात धरा. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तेच पाणी आपण आणि आपली जनावरे पितात.

४. बाभळीच्या पाचरी आणि ठोकळे

चाक सरकू नये म्हणून आपण दगड लावतो. पण गोल दगड निसटतो. त्यापेक्षा बाभळीच्या लाकडाच्या दोन पाचरी करा. वीतभर उंच आणि हातभर लांब असाव्यात. एक चाकाच्या पुढे, एक मागे ठोकावी.

तसेच जाड, सपाट लाकडाचे सहा-आठ ठोकळे करून ठेवा. ट्रॉली जॅकने उचलली, की हे ठोकळे उभे-आडवे रचून तिच्या सांगाड्याखाली ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही जाऊ नका. जमीन भुसभुशीत असते, जॅक कलतो, आणि खालच्या माणसाला बाहेर यायला वेळ मिळत नाही. विटाही रचू नका. वीट भाराखाली एकाएकी फुटते.

ही खबरदारी घ्या

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात ठेवा. तारेचा आकडा आणि सळई धातूची असते. ती बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम लागली, तर मोठी ठिणगी उडते. म्हणून बॅटरीजवळ काम असेल, तर आधी उणे टोकाची तार सोडवा. उणे टोकावर (−) अशी खूण असते.

आणि एक वस्तू मात्र घरी करू नका. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन! कुणी म्हणतात, "सळईचा तुकडा घातला, चाललं!" पण चढावर सगळ्या ट्रॉलीचा भार त्या एका पिनेवर येतो. सळई वाकते किंवा तुटते, आणि माणसांनी भरलेली ट्रॉली मागे घसरते. दोन पैसे वाचवायला जाऊन संसार जातो. ही पिन योग्य मापाची, दुकानातलीच घ्यावी. ती वर उसळून निघू नये म्हणून तिची लहान खीळही लावावी.

ही हत्यारे पत्र्याच्या एका डब्यात घालून ट्रॅक्टरवर ठेवा. डब्यात एक वहीही असू द्या. तेल कधी बदलले, फिल्टर कधी बसवला, ती तारीख वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते. मग "गेल्या साली बदललं होतं वाटतं" असे म्हणायची पाळी येणार नाही. वही उघडली, की तारीख समोर दिसेल.