भोंगा मुका असेल तर?

गोव्याच्या किनाऱ्यावर १९८० नंतरच्या दशकात वल्ही आणि शिडे मागे पडत गेली व होडीला आऊटबोर्ड मोटर आली. जुनी मोटर दुरुस्त करीत करीत वापरावयाची, हा तर आपल्याकडचा रिवाजच. अशा जुन्या मोटारीच्या एका दुर्लक्षित अवयवाविषयी, तिच्या भोंग्याविषयी, आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही मोटर थंड राहते ती समुद्राच्याच पाण्याने. खालच्या, बुडालेल्या भागात पंपाचे रबरी चक्र फिरते. ते पाणी वर चढविते आणि सिलिंडरभोवती खेळवून बाहेर टाकते. त्यातलीच एक बारीक धार बाहेर उडताना दिसते. तोंडाशी शेवाळ वा प्लॅस्टिकची पिशवी अडकली, अथवा चक्राच्या पाकळ्या झिजल्या, की पाणी तुटते आणि पिस्टन तापून जखडतो. खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत, असे होणे म्हणजे काय, हे होडीवाल्यास सांगावयास नको.

याकरिताच सिलिंडरच्या माथ्यावर एक लहानसा स्विच असतो. ठराविक उष्णता ओलांडली की तो विजेचे मंडल जोडतो व भोंगा वाजू लागतो. रचना साधी, पण तिच्यात एक गोम आहे. सर्व ठीक असेल तर भोंगा वाजत नाही. आणि खाऱ्या हवेने तार कुजून तुटली असेल तरीही वाजत नाही. वर्गात गप्प बसलेल्या मुलास धडा समजला की त्याचा डोळा लागला, हे प्रश्न विचारल्यावाचून आम्हां शिक्षकांस कुठे कळते?

जॉन्सन व एव्हिनरूड यांच्या अनेक जुन्या मोटारींत ही परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी, स्विचची फिकट तपकिरी तार सोडवावी आणि भोंग्याकडे जाणारे टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावे. भोंगा वाजला तर तार आणि भोंगा शाबूत. स्विचची खात्री मात्र याने होत नाही. तो काढून तापवून पाहावा लागतो, ते काम मिस्त्रीचे. दोरीने सुरू होणाऱ्या, बॅटरी नसलेल्या कित्येक लहान मोटारींना तर भोंगाच नसतो. तेथे धारेवर नजर ठेवणे, एवढाच इशारा.

भोंगा वाजलाच तर गती तत्काळ उतरवावी व धार पाहावी. धार नसेल तर मोटर बंद करून वर उचलावी आणि पाणी शिरण्याची तोंडे मोकळी करावी. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातूस तडा जाण्याचे भय असते. कधी कधी धारेचे छिद्रच मिठाने बुजलेले असते, म्हणून बारीक तारेचा एक तुकडा होडीत जवळ असू द्यावा.