लपंडाव आणि हेरगिरी

लपंडाव खेळला नाही असा मनुष्य चाकुरात काय, अवघ्या मराठवाड्यात सापडणे कठीण. त्या खेळातले एक मर्म आपल्याला लहानपणीच कळलेले असते. अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसलेला गडी बहुधा सापडतो. ज्याच्यावर राज्य आहे त्याची पाठ केव्हा वळते हे हेरणारा गडी मात्र हळूच येऊन धप्पा घालतो. म्हणजे लपण्याची विद्या ही दुसऱ्याची नजर ओळखण्याची विद्या आहे.

कौटिल्याने हे पुरते जाणले होते. अर्थशास्त्रात त्याने हेरांना ‘गूढपुरुष’ म्हटले आहे. त्यांची सोंगे कोणती? शेतकरी, व्यापारी, तापस, भिक्षुकी! ज्यांच्या येण्याजाण्याचे कोणाला नवल वाटत नाही, अशी ही माणसे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला नायक वाचकाच्या ध्यानात राहतो; खऱ्या हेराचे यश कोणाच्याही ध्यानात न राहण्यात असते.

याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावयास नको. 1679 साली शिवाजी महाराजांनी आपल्या मराठवाड्यातील जालना लुटले. परतताना मोगल फौजेने त्यांना गाठले. लढाई झाली आणि सिधोजी निंबाळकर पडले. लुटीचे ओझे घेतलेले सैन्य आणि पाठीवर शत्रू, अशा बिकट प्रसंगी बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले, असे सभासदाची बखर सांगते. महाराजांनी तेथे विसावा घेतला, म्हणून तो किल्ला विश्रामगड झाला. त्या दिवशी बहिर्जींच्या कामी कोणते सोंग आले नाही. कामी आले ते पायांखाली घातलेल्या मुलखाचे ज्ञान.

परंतु एकट्या हेराच्या चातुर्याने गुप्तता टिकत नाही. निजामाविरुद्धच्या लढ्यात 1947-48 साली कार्यकर्ते सरहद्दीबाहेरच्या छावण्यांतून आत येत आणि काम साधून परत जात. त्यांना भाकरी कोणी दिली, वाट कोणी दाखविली, हे गावाला ठाऊक असे. रझाकारांना ते कळू द्यावयाचे नसे. एक शब्द बाहेर गेला तर घरावर संकट ओढवे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा कुठे या मौनाला मोकळे होता आले.

आज आपली मुले मोबाइलवर पहारेकऱ्यांची नजर चुकविण्याचे खेळ खेळतात. पकडले गेले तर डाव पुन्हा मांडता येतो. ज्यांनी खरा डाव खेळला त्यांना ही सवलत नव्हती. कपट आणि गुप्तता यांतील भेदही येथेच आहे. कपटी मनुष्याला आपले कृत्य जन्मभर झाकावे लागते. लोकांसाठी लपलेला मनुष्य वेळ आली म्हणजे चारचौघांत सारे सांगू शकतो. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या अशा हकीकती आपण मुलांना सांगितल्या, तर त्यांचा लपंडावही त्यांना अधिक कळेल.